आंबा घाटात गाडी ओढत नाही, स्कॅनरवर पी ०१०१ : एअर फ्लो सेन्सर बदलावा की आधी आणखी काही तपासावे?

कागल_रोड यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २०१५ सालची सव्वा लिटरची, चार सिलिंडरची टर्बो डिझेल गाडी आहे. गाडी रोज कोल्हापूर ते कागल औद्योगिक वसाहत अशी धावते आणि अधूनमधून रत्नागिरीला जाते. सपाट रस्त्यावर काहीही वेगळे जाणवत नाही. परंतु रत्नागिरीहून परतताना साखरपा मागे पडून आंबा घाटाचा चढ सुरू झाला की तिसऱ्या गिअरमध्येही गाडी ओढत नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी इंजिन एका मर्यादेपुढे जोर धरत नाही आणि थोड्या वेळाने चेक इंजिनचा दिवा लागतो. धूर विशेष वाढलेला नाही.

स्कॅनर (गाडीतील दोषाचे कोड वाचणारे यंत्र) लावल्यावर पी ०१०१ हा एकच कोड मिळाला. गॅरेजमध्ये एअर फ्लो सेन्सर नवीन टाकावा लागेल असे सांगण्यात आले. हा भाग स्वस्त नाही, म्हणून तो घेण्यापूर्वी काही गोष्टी समजून घ्याव्यात असे वाटते. हा सेन्सर नेमके काय मोजतो? दोष चढावरच का दिसतो? सेन्सर साफ करून चालतो का, आणि पुन्हा अशी वेळ येऊ नये म्हणून कोणती काळजी घ्यावी? माझ्याकडे स्वतःचा स्कॅनर आहे, त्यामुळे कोणते आकडे बघायचे ते कळवल्यास मी ते येथे देऊ शकेन.

उद्यमनगर_डिझेल यांचे उत्तर

नमस्कार. आपण सेन्सर विकत घेण्यापूर्वी विचारले हे फार बरे केले. पी ०१०१ या कोडचा अर्थ ‘सेन्सर खराब आहे’ असा होत नाही. सेन्सरने सांगितलेली हवा आणि ईसीयूने (इंजिन चालवणाऱ्या संगणकाने) स्वतंत्रपणे हिशेब करून काढलेली हवा यांचा मेळ बसत नाही, एवढेच तो सांगतो. सेन्सरचा सिग्नल मर्यादेच्या खाली गेला असता तर पी ०१०२ आणि मर्यादेच्या वर गेला असता तर पी ०१०३ आला असता. ते आलेले नाहीत, म्हणजे सेन्सर चालू आहे आणि काहीतरी आकडा देत आहे. तो आकडा खरा आहे का, आणि खरा असेल तर हवा कुठे कमी पडते किंवा चुकवून आत जाते, हे शोधायचे आहे.

आधी कार्यपद्धती सांगतो. आपल्या गाडीत एअर फिल्टरच्या डब्याला लागूनच जो सेन्सर आहे, त्याच्या आत एक अतिशय पातळ पापुद्रा असतो. त्या पापुद्र्याच्या मध्यभागी छोटासा तापक असतो आणि तो आजूबाजूच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवला जातो. तापकाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे तापमान मोजणारे दोन बिंदू असतात. हवा स्थिर असताना दोन्ही बिंदूंचे तापमान सारखे असते. हवा वाहू लागली की अलीकडचा बिंदू गार पडतो आणि पलीकडच्याला तापकावरून आलेली ऊब मिळते. या फरकावरून दर सेकंदाला किती ग्रॅम हवा आत गेली ते ठरते, आणि हवा क्षणभर उलटी फिरली तर तेही कळते. येथे मोजले जाते ते हवेचे वस्तुमान. उंचीवर हवा विरळ झाली किंवा दुपारच्या उन्हात तापून फुगली, तरी आकडा त्याप्रमाणे आपोआप बदलतो. जुन्या सेन्सरांत पापुद्र्याऐवजी प्लॅटिनमची तार असे आणि इंजिन बंद केल्यावर ती सुमारे एक सेकंद हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तिच्यावरचा मळ जाळला जात असे. आताच्या रचनेत धूळ पापुद्र्यावर थेट आदळू नये म्हणून हवेचा मार्गच वळवलेला असतो. तरीही तेलकट धुळीचा थर बसलाच, तर उष्णता नीट सुटत नाही आणि सेन्सर प्रत्यक्षापेक्षा कमी हवा सांगू लागतो.

डिझेल इंजिनात या आकड्याची कामे दोन. पहिले म्हणजे धूर होऊ नये म्हणून, उपलब्ध हवेच्या मानाने जास्तीत जास्त किती डिझेल सोडायचे याची मर्यादा ठरवणे. हवा कमी दिसली की ईसीयू डिझेल आखडते. आपल्याला चढावर जोर मिळत नाही आणि धूरही वाढत नाही, यामागचे कारण बहुधा हेच आहे. सपाट रस्त्यावर इंजिन त्या मर्यादेच्या जवळही जात नाही, म्हणून तेथे दोष झाकला जातो. दुसरे काम म्हणजे ईजीआर व्हॉल्व्हमधून जळलेला वायू किती परत येत आहे याचा अंदाज घेणे. सिलिंडरमध्ये जागा ठरलेली असते, त्यामुळे जळलेला वायू जितका जास्त येईल तितकी ताजी हवा कमी आत येते. म्हणूनच काजळीने ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला की एअर फ्लोचा आकडा पडतो आणि निर्दोष सेन्सरवर ठपका येतो.

आता आपण स्वतः करू शकाल असा हिशेब. आपल्या इंजिनाचा एक सिलिंडर सुमारे ३१२ घनसेंटिमीटरचा आहे. कोल्हापुरात हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल धरला आणि आत येणारी हवा ३० अंश सेल्सिअस असली, तर तिची घनता लिटरला सुमारे १.०९ ग्रॅम येते. म्हणजे सिलिंडर काठोकाठ भरला तर ३४० मिलिग्रॅम हवा मावेल. तो प्रत्यक्षात काठोकाठ भरत नाही. ८५ टक्के भरतो असे धरले तर एका स्ट्रोकला सुमारे २९० मिलिग्रॅम हवा जाते. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, मिनिटाला ८५० फेऱ्यांवर हेच प्रमाण सेकंदाला ८.२ ग्रॅमच्या जवळपास पडते. ही संख्या ईजीआर पूर्ण बंद असतानाची आहे. ईजीआर उघडा असताना आकडा बराच खाली दिसेल आणि त्यात काही गैर नाही. त्यामुळे इंजिन गरम करून, स्कॅनरमधून ईजीआर बंद करण्याची आज्ञा देऊनच आकडा वाचावा.

त्यानंतर दुसऱ्या कुणाला तरी गाडी चालवायला देऊन लांब चढावर, पूर्ण ॲक्सिलरेटरवर तीन आकडे एकत्र नोंदवावेत : अपेक्षित बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब), प्रत्यक्ष बूस्ट आणि एअर फ्लो. बूस्ट अपेक्षेपेक्षा कमी आणि एअर फ्लो मात्र भरपूर असेल, तर हवा टर्बोच्या पुढे, म्हणजे इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा गार करणारा भाग) किंवा त्याच्या होजमधून (रबरी नळीतून) बाहेर सुटत आहे. तेव्हा सहसा काळा धूरही दिसतो. बूस्ट बरोबर मिळत असून एअर फ्लो कमी असेल, तर एकतर सेन्सर मळलेला आहे किंवा सेन्सर आणि टर्बो यांच्या मधल्या होजमधून न मोजलेली हवा आत ओढली जात आहे. दोन्ही कमी असतील तर फिल्टर तुंबलेला आहे का आणि टर्बो नीट काम करतो का ते बघावे.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. पेट्रोल गाडीत गळती शोधण्यासाठी काही जण चालू इंजिनावर कार्बोरेटर क्लीनर फवारतात. डिझेल इंजिनावर हे कधीही करू नये. आत ओढलेला ज्वलनशील फवारा हेच त्याचे इंधन होते आणि इंजिनाच्या फेऱ्या हाताबाहेर जाऊ शकतात. गळती धूर सोडणाऱ्या यंत्राने किंवा होज काढून, वाकवून, उजेडात बघून शोधावी.

हवेचा_दाब यांचे उत्तर

मी ऑटोमोबाइल हा विषय शिकवतो. वरील उत्तर उत्तम आहे. त्यात फक्त दाबाच्या सेन्सरविषयी भर घालतो, कारण हवेच्या मार्गातील बाकीचे सेन्सर खरे बोलत आहेत याची खात्री झाल्याशिवाय एअर फ्लोच्या आकड्याविषयी निष्कर्ष काढता येत नाही. ईसीयू जो स्वतंत्र हिशेब करते, तो इंजिनाच्या फेऱ्या, मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळीतील) दाब आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान यांवरच बसवलेला असतो.

दाबाच्या सेन्सरमध्ये सिलिकॉनचा पडदा असतो. दाबाने तो किंचित वाकतो आणि वाकल्यामुळे त्याच्यावरील घटकांचा विद्युत्‌रोध बदलतो. त्याची पहिली तपासणी फुकट आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची किल्ली फिरवावी, इंजिन मात्र सुरू करू नये. अशा वेळी मॅनिफोल्डमध्ये बाहेरचाच दाब असतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच असल्याने आकडा ९४ ते ९६ किलोपास्कलच्या दरम्यान यावा. हीच गाडी रत्नागिरीच्या किनाऱ्यावर १०० ते १०१ दाखवील आणि पन्हाळ्यावर नेल्यास ९० च्या थोडे वर. कोल्हापुरात उभी असताना सेन्सर १०१ सांगत असेल तर अनेक जण ‘बरोबर आहे’ म्हणून पुढे जातात, कारण पुस्तकात तोच आकडा असतो. प्रत्यक्षात तेथेच पाच-सहा टक्क्यांची चूक लपलेली असते.

तापमानाचा सेन्सर म्हणजे तापल्यावर विद्युत्‌रोध कमी होणारा थर्मिस्टर. अनेक गाड्यांत तो २० अंशांना अडीच किलोओहमच्या आसपास आणि ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास असतो. थंड इंजिनाला हवेचे आणि कूलंटचे (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचे) तापमान जवळजवळ सारखे दिसले पाहिजे. ते तसे नसेल तर आधी कनेक्टर बघावा. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः गगनबावड्याच्या बाजूला नेहमी ये-जा असेल तर, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढलेला मी पुष्कळदा पाहिला आहे.

पेट्रोल गाड्या असलेल्या सभासदांसाठी : आपल्याकडील बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत एअर फ्लो सेन्सर नसतोच. त्यांत दाब आणि तापमान यांचा एकत्र सेन्सर मॅनिफोल्डवर असतो आणि गरम इंजिनाला आयडलवर ३० ते ४० किलोपास्कल दाखवतो. तो आकडा चढा असेल तर सेन्सरआधी व्हॅक्यूमची गळती आणि थ्रॉटल बॉडीतील काजळी तपासावी.

कागल_रोड

दोघांचेही मनापासून आभार. आकडे घेतले, ते देत आहे. किल्ली फिरवून, इंजिन बंद ठेवून दाब ९५ किलोपास्कल. सकाळी थंड इंजिनाला हवेचे तापमान २४ आणि कूलंटचे २५ अंश. ईजीआर बंद करून आयडलला २८० मिलिग्रॅम. आंबा घाटापर्यंत न जाता पन्हाळ्याच्या चढावर भावाला गाडी चालवायला सांगितली. प्रत्यक्ष बूस्ट अपेक्षित बूस्टला जवळजवळ चिकटून होता, परंतु एअर फ्लो ईसीयूच्या अपेक्षित आकड्यापेक्षा स्पष्टपणे मागे पडत होता, आणि फेऱ्या वाढतील तसे अंतर वाढत गेले.

म्हणून फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा होज काढला. वरून तो अगदी धडधाकट दिसतो. परंतु खालच्या बाजूने, जेथे घड्या आहेत तेथे, हाताने ताणल्यावर बोटभर लांबीची चीर उघडते आणि सोडल्यावर पुन्हा मिटते. आतून बोट फिरवले तर चिरेच्या पुढे बारीक काळी पूड लागली.

आता दोन शंका आहेत. होज बदलताना सेन्सरही फवाऱ्याने साफ करून घ्यावा का? आणि एका मित्राने सांगितल्याप्रमाणे, धुऊन पुन्हा वापरता येणारा, तेल लावलेला कापडी फिल्टर बसवणे कितपत योग्य?

उद्यमनगर_डिझेल

आपल्या आकड्यांवरून चित्र पुरेसे स्पष्ट आहे. आयडलला ओढ कमी असते, चीर मिटलेली राहते आणि हवा सेन्सरमधूनच जाते. चढावर इंजिन माउंटवर (त्याच्या रबरी आधारांवर) झुकते, होज ताणला जातो, टर्बोची ओढ वाढते आणि चिरेतून न मोजलेली हवा आत शिरते. टर्बोला हवा मिळते म्हणून बूस्ट बरोबर दिसतो, परंतु मोजमाप कमी पडते. होज नवीन घ्यावा. चिरेवर सोल्युशन लावून किंवा टेप गुंडाळून काम भागवू नये, कारण ओढीबरोबर सुटलेला तुकडा थेट टर्बोच्या पंख्यात जाईल.

त्याच वेळी टर्बोच्या तोंडाशी टॉर्च लावून पंख्याच्या पात्यांच्या कडा अवश्य बघाव्यात. चिरेतून आलेली हवा गाळलेली नसते. ज्यांची गाडी कागल, गोकुळ शिरगाव किंवा शिरोलीच्या फाउंड्रींच्या आवारात रोज उभी राहते, त्यांच्या हवेत ओतकामाच्या वाळूची बारीक धूळ असते आणि ती धातू घासते. कडा धारदार आणि सरळ असतील, पंखा बाजूला हलवल्यावर भोवतीच्या कवचाला घासत नसेल, तर काळजीचे कारण नाही.

सेन्सर साफ करण्याविषयी माझे मत असे की आपण होज काढलाच आहे, तर तो एकदा साफ करावा. मात्र त्यासाठी केवळ मास एअर फ्लो सेन्सरसाठीच मिळणारा, मागे काही न ठेवता उडून जाणारा फवारा वापरावा. पेट्रोल, कार्बोरेटर क्लीनर किंवा गंज सोडवणारा तेलकट फवारा चालत नाही. किल्ली काढून कनेक्टर सोडवावा, सेन्सर डब्यातून काढून उभा धरावा, काही इंचांवरून थोडे थोडे फवारून द्रव खाली निथळू द्यावा. ब्रश, कापूस, काडी काहीही आत लावू नये आणि कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नये. पापुद्रा फुंकरीसरशी फुटेल इतका नाजूक असतो. पूर्ण सुकल्यावरच बसवावा, हवेच्या दिशेचा बाण बघावा आणि रबरी रिंग चेपलेली नाही याची खात्री करावी. सेन्सरच्या आधी जाळी असेल तर ती काढून टाकू नये. हवेचा प्रवाह सरळ करण्यासाठीच ती दिलेली असते.

हवेचा_दाब

येथे माझे मत थोडे वेगळे आहे. या प्रकारचे सेन्सर साफ करण्याची शिफारस सगळ्या कंपन्या करत नाहीत, आणि आपला सेन्सर आयडलला हिशेबाशी जुळणारा आकडा देत आहे. मी आधी फक्त होज बदलून तोच चढ पुन्हा चढेन आणि आकडे जुळले तर सेन्सरला हात लावणार नाही. दोन्ही कामे एकाच वेळी केली तर दोष कशामुळे गेला हेही कळणार नाही. होज बदलल्यावरही आकडा मागे राहिला, तर मात्र वर सांगितल्याप्रमाणे साफसफाई करून बघणे योग्य, आणि तरीही फरक पडला नाही तर नवा सेन्सर. सेन्सरचा कनेक्टर काढून गाडी चालवून बघण्याची जी पद्धत गॅरेजमध्ये रूढ आहे, तिच्यावर डिझेल गाडीत विसंबू नये. कनेक्टर काढल्यावर अनेक ईसीयू ईजीआरही बंद करून टाकतात. मग गाडी सुधारली ती सेन्सर बाजूला झाल्यामुळे की ईजीआर बंद झाल्यामुळे, हे सांगता येत नाही.

कापडी फिल्टरचा विचार सोडून द्यावा. त्याला तेल थोडे जरी जास्त लागले तरी ते हवेबरोबर सुटून पापुद्र्यावर बसते, आणि तेलकट पापुद्र्यावर धूळ चिकटायला वेळ लागत नाही. कंपनीने ठरवलेला कागदी फिल्टरच वापरावा आणि तो किलोमीटरवर न सोडता डोळ्यांनी बघून बदलावा. ऊसतोडीच्या हंगामात मळीच्या आणि पाणंदीच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांची धूळ, पाचट जाळल्याची राख आणि कारखान्यांच्या परिसरातील बगॅसची (उसाच्या चिपाडाची) भुकटी हे सगळे एकत्र येते. अशा भागात फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकातील मुदतीच्या निम्म्यातही भरू शकतो. कॉम्प्रेसरने फिल्टर फुंकण्याची सवय मात्र मोडावी. जोराच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात आणि फिल्टर स्वच्छ दिसूनही धूळ सोडू लागतो. सैल धूळ हलके आपटून झाडावी, नाहीतर नवीन टाकावा.

फिल्टर बदलताना डब्याच्या क्लिपा शाबूत आहेत का आणि फिल्टरची रबरी कड सगळीकडून सारखी बसली का ते बघावे. डब्याच्या स्वच्छ बाजूला पांढऱ्या कापडाने पुसून बघितले आणि कापड मळले, तर हवा कुठूनतरी फिल्टर चुकवून येत आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांनी डब्याचा तळ विशेष तपासावा. गाळ तेथे सुकून बसतो आणि पुढे वर्षानुवर्षे धूळ होऊन उडत राहतो.

पंचगंगा_तीर

एक छोटी पुरवणी. होज बदलल्यावर कोड पुसून टाकावा. पुसण्यापूर्वी त्यासोबत साठलेली फ्रीझ फ्रेमची माहिती, म्हणजे कोड पडला त्या क्षणीच्या फेऱ्या, वेग, लोड आणि कूलंटचे तापमान, लिहून किंवा फोटो काढून ठेवावी. नंतर चाचणीसाठी गाडी त्याच फेऱ्यांवर आणि तितक्याच लोडवर न्यावी. काही गाड्यांत ईसीयू सेन्सरच्या आकड्याला हळूहळू दुरुस्ती लावत जाते आणि गळतीच्या काळात शिकलेली चुकीची दुरुस्ती होज बदलल्यावरही शिल्लक राहते. आपल्या स्कॅनरमध्ये एअर फ्लोचे ॲडाप्टेशन रीसेट करण्याची सोय असेल तर ती आधी वापरावी आणि मगच घाटातले आकडे घ्यावेत.